मौला जट्टचा पहिला दिग्दर्शक कोण?

२०२४ मध्ये 'द लेजंड ऑफ मौला जट्ट' हा पाकिस्तानी चित्रपट महाराष्ट्रात लावू देणार नाही, असं राज ठाकरे यांनी जाहीर केलं, तेव्हा बातम्यांतून एक जुनी समजूत परत फिरली: त्याचा नायक मौला जट्ट पडद्यावर पहिल्यांदा आला तो १९७९ च्या 'मौला जट्ट'मधून.

तसं नाही. चार वर्षं आधी, १९७५ मध्ये, हसन अस्करी यांनी 'वहशी जट्ट' हा पंजाबी चित्रपट केला होता. मूळ अहमद नदीम कासमी यांची उर्दू कथा 'गंडासा', म्हणजे लांब दांड्याची कुऱ्हाड. मौलाच्या भूमिकेत तेव्हाही अभिनेते सुलतान राहीच. गंमत अशी, की कथेतला मौला शेवटी शत्रूला सोडून देतो आणि ढसाढसा रडतो. पडद्यानं उचलली ती कुऱ्हाड. १९७९ चा चित्रपट युनूस मलिक यांचा. मुस्तफा कुरेशींनी रंगवलेला खलनायक नूरी नत्त त्यातला, आणि गाजावाजाही त्याचाच झाला.

अस्करींना नुसते 'गंडासावाले' म्हणणंही अन्यायाचंच. मुहम्मद अली आणि बाबरा शरीफ यांचा 'सलाखें' (१९७७) त्यांचा, 'दूरियां' (१९८४) त्यांचाच. दोन्ही उर्दू.