पक्के रस्ते आधी सायकलवाल्यांनी मागितले होते

रस्ते गाड्यांसाठी असतात, सायकलवाल्यांनी आपलं कडेकडेने जावं, हे सायकल ट्रॅकचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं. पण थोडं मागे जाऊन बघितलं तर चित्र बरंच वेगळं दिसतं.

१८१७ ला जर्मनीतल्या मानहाइममध्ये कार्ल फॉन ड्राइसने पेडल नसलेली, पायाने जमीन रेटत चालवायची लाकडी दुचाकी काढली आणि ही चालवायची कुठे हे भांडण तेव्हापासूनच सुरू झालं, कारण रस्त्यावर चिखल आणि बैलगाडी-घोडागाडीच्या चाकोऱ्या, म्हणून लोक फुटपाथवर चढायचे आणि मग तिथे बंदी यायची. पुढे उंच चाकाची सायकल आली, तिचं पुढचं चाक खड्ड्यात अडकलं की माणूस हँडलवरून थेट डोक्यावर. १८८५ च्या सुमारास जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर नावाची सायकल आली, दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला चेन, म्हणजे आपण आज चालवतो तीच सायकल म्हणा ना, आणि १८८८ ला डनलपचा हवेचा टायर. इथून पुढे सायकल धाडसी तरुणांपुरती राहिली नाही.

टूरिंगवाल्यांनी, म्हणजे सायकलवर लांब फिरायला जाणाऱ्यांनी, या काळात जे काम केलंय ते फार कमी लोकांना माहीत असतं. इंग्लंडमध्ये १८७८ लाच बायसिकल टूरिंग क्लब निघाला, पाच वर्षांनी त्याचं नाव सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब झालं, आणि या लोकांनी धोक्याच्या उतारांवर स्वतः बोर्ड लावले, मोटारगाडी रस्त्यावर यायच्या आधी! अमेरिकेत १८८० ला लीग ऑफ अमेरिकन व्हीलमन ही सायकलवाल्यांची संघटना स्थापन झाली आणि पक्के रस्ते करा म्हणून सरकारच्या मागे लागली. थॉमस स्टीव्हन्स १८८४ ते १८८६ मध्ये उंच चाकाच्या सायकलवर जगाला फेरी मारून आला, त्यातलं कितीतरी अंतर सायकल हातात धरून चालत, कारण चालवायला रस्ताच नव्हता. १८८८ ला ब्रिटनच्या कायद्याने सायकल हे वाहन आहे असं मान्य केलं, म्हणजे रस्त्यावरचा हक्क कागदावर आला. ब्रुकलिनमध्ये १८९४ ला फक्त सायकलसाठी वेगळा मार्गही झाला.

मग मोटारी आल्या, आणि आयते गुळगुळीत रस्ते त्यांना मिळाले.

१९३४ ला लंडनच्या वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूला कडेने सायकल ट्रॅक केला तेव्हा त्याला विरोध कोणी केला, तर सायकलवाल्यांच्याच क्लबने. आज विचित्र वाटेल पण त्यांची भीती खरी होती, आज ट्रॅक देतील, उद्या रस्त्यावर यायला बंदी करतील, आणि ट्रॅक तर अरुंद, प्रत्येक चौकात तुटणारा. हाच वाद सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात पुन्हा पेटला. डेव्हिस शहरात १९६७ ला सायकल लेन आल्या होत्या, पण तिथल्या जॉन फॉरेस्टर या सायकलवाल्या इंजिनिअरचं म्हणणं असं की सायकलच्या वेगळ्या लेन नकोत, सायकलवाल्याने वाहनासारखं गाड्यांच्याच लेनच्या मधोमध चालवावं. रस्त्यावर ट्रॅक नसेल तर हे तंत्र खरंच कामाला येतं, पार्क केलेल्या गाडीचं दार अंगावर उघडत नाही. पण आठ वर्षांच्या पोरीला किंवा सत्तरीच्या आजोबांना ट्रकसमोर मधोमध चालवा म्हणून कसं सांगणार? माझ्या मते ती सगळी विचारसरणी इथेच थांबते.

नेदरलँड्समध्ये प्रश्न पोरांपासूनच सुरू झाला. १९७१ मध्ये तिथे रस्त्यावर ३,००० च्या वर माणसं गेली आणि त्यात ४०० हून जास्त लहान मुलं होती. अपघातात मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ ला लिहिलेल्या लेखातून 'मुलांच्या हत्या थांबवा' अशा नावाची चळवळच उभी राहिली, आईबाप रस्त्यावर उतरले, चौक अडवले. त्यात १९७३ चं तेलसंकट आलं, रविवारी गाड्या बंद आणि मोकळ्या हायवेवर लोक सायकली घेऊन. सरकारने आधी हेग आणि टिलबर्गला एकेक भारी मार्ग करून बघितला, पण एका मार्गाने काही साधत नाही, जाळं लागतं, हे कळलं आणि मग ऐंशीच्या दशकात डेल्फ्टला ते जाळं विणलं.

खरी करामत चौकात आहे. बहुतेक ठिकाणी ट्रॅक चौकाआधी संपतो आणि सरळ जाणाऱ्या सायकलवाल्याला वळणारी गाडी कापते, कारण तो ड्रायव्हरच्या आरशात कुठेतरी मागे असतो. डच चौकात कोपऱ्यावर छोटा उंचवटा असतो, त्यामुळे गाडीला हळू आणि काटकोनात वळावंच लागतं, आणि सायकलची वाट चौकापासून साधारण एक गाडी मावेल एवढी आत सरकवलेली असते. म्हणजे गाडी वळेपर्यंत सायकलवाला ड्रायव्हरच्या काचेसमोर येतो, आणि थांबलेल्या गाडीचा मागच्या ट्रॅफिकला अडथळा होत नाही. नुसता पट्टा रंगवून हे होत नाही.

दुसरी गोष्ट स्पीडची. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ५० च्या स्पीडला ती ३० च्या पावणेतीन पट होते. पॅरिसने २०२१ ला आणि अ‍ॅमस्टरडॅमने २०२३ च्या डिसेंबरमध्ये बहुतेक रस्त्यांवर ३० ची मर्यादा लावली ती याचसाठी. आता नवा प्रश्न ई-बाइकचा आलाय, निवांत पेडल मारणाऱ्यांसाठी केलेल्या ट्रॅकवर मोटरच्या जोरावर २५ ने जाणारे लोक आलेत, त्यांना गाड्यांमध्ये ढकलायचं, ट्रॅक रुंद करायचा की ३० च्या रस्त्यावर आणायचं यावर नेदरलँड्समध्ये आत्ता वाद चालू आहे.