कॅसेट राहिली, व्हीसीआर गेला

माळ्यावरच्या ट्रंकेत लग्नाची व्हीएचएस कॅसेट सापडली की घरात आधी शोध सुरू होतो तो व्हीसीआरचा. तो मिळत नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६च्या जुलैत थांबली. घरगुती चित्रीकरणाच्या शंभर वर्षांत हे वारंवार झालं आहे: माध्यम कसंबसं तग धरतं, पण ते वाचणारं यंत्र बाजारातून उठतं.

सुरुवात १९२३ची, कोडॅकच्या १६ मिमी फिल्मची. थिएटरातली नायट्रेट फिल्म चटकन पेट घेई, म्हणून घरासाठी पहिल्यापासूनच अ‍ॅसिटेटची ‘सेफ्टी’ फिल्म दिली गेली. १९३२ साली ८ मिमी आली. ही १६ मिमी रुंदीचीच २५ फुटी पट्टी. अर्धी रुंदी एका फेरीत, उरलेली रीळ उलटून, आणि धुतल्यावर मधोमध चिरून ५० फूट. सेकंदाला १६ फ्रेमनी हा सगळा खटाटोप चार मिनिटांसाठी. १९६५च्या सुपर ८मध्ये रीळ उलटायची कटकट संपली.

अ‍ॅसिटेट भडकत नाही, पण दमट उकाड्यात विघटित होतं. डबा उघडताच व्हिनेगरचा भपकारा आला तर समजावं की आम्ल सुटलंय. तेच आम्ल पुढच्या विघटनाला वेग देतं, म्हणून गच्च बंद डबा इथे घातक. फिल्म आकसते, भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांशी जुळत नाहीत आणि ती फाटते. तरी फिल्मचा एक मोठेपणा मान्य करायलाच हवा: उजेडासमोर भिंगाखाली धरली की चित्र दिसतं, कुठलंही यंत्र लागत नाही.

१९७६मध्ये जेव्हीसीने व्हीएचएस आणली तेव्हा ही सोय गेली. आपल्याकडे १९८२च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला आणि पुढच्या काही वर्षांत मांडवात हॅलोजन दिवा घेतलेला शूटिंगवाला दिसू लागला. तीन तासांच्या कॅसेटमध्ये सुमारे २५८ मीटर टेप असते. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात तिच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी बुरशी चढते. कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च मारला तर भुकटीसारखी दिसते. अशी कॅसेट ‘एकदा लावून तर बघू’ म्हणून लावू नये. टेप वाचणाऱ्या, मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या हेड ड्रमला बुरशी चिकटते, चित्रात मुंग्या येतात आणि तीच घाण पुढच्या कॅसेटला लागते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेटची गत आणखी वेगळी: ती एनटीएससी या तिकडच्या टीव्ही-पद्धतीची, आपला व्हीसीआर इथल्या पॅल पद्धतीचा. त्याला एनटीएससी झेपत नसेल तर चित्र गडगडतं.

१९९५च्या मिनीडीव्ही या छोट्या डिजिटल कॅसेटने चित्र आकड्यांत आणलं, तासाला सुमारे १३ जीबी. नंतर गल्लोगल्ली कॅसेटची डीव्हीडी करून देणं सुरू झालं, आणि खरं नुकसान इथेच झालं. ४.७ जीबीत दोन-तीन तास कोंबायचे म्हणून चित्र दाबलं, हलत्या भागात चौकोन उमटले, आणि ‘आता डीव्हीडी आहे ना’ म्हणून मूळ कॅसेट भंगारात गेली. डीव्हीडी-आर मध्ये माहिती सेंद्रिय रंगाच्या थरात असते. ऊन आणि उष्णता यांनी तो थर बिघडतो. वरून चिकटवलेलं कागदी लेबल डिस्कचा तोल घालवतं. काही डिस्क फायनलाइज न केल्यामुळे, म्हणजे लिहून झाल्यावर शेवटची नोंद करून बंद न केल्यामुळे, दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडतच नाहीत.

याच अनुभवातून अमेरिकेतल्या युटामधल्या मिलेनिएटा कंपनीने एम-डिस्क ही लिहिता येणारी डिस्क आणली. तिच्यात रंग नाही. लेसर अजैविक थरावर कायमची खूण करतो. अमेरिकी नौदलाच्या चायना लेक केंद्रातल्या चाचणीत ८५ अंश सेल्सिअस उष्णता, ८५ टक्के आर्द्रता आणि प्रखर प्रकाश यांत साध्या डीव्हीडी हरल्या, ही टिकली. हजार वर्षांचा दावा मात्र अशा प्रवेगक चाचण्यांवरून मांडलेलं गणित आहे. कंपनीचं स्वतःचं आयुष्य त्यापुढे अगदीच तोकडं ठरलं. २०१६मध्ये तिचं दिवाळं निघालं. सोनीनेही २०२५च्या फेब्रुवारीत रेकॉर्डेबल ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीपेक्षा जास्त माहिती मावणाऱ्या लिहिता येणाऱ्या डिस्क, बनवणं बंद केलं.

म्हणून आज ब्लू-रे प्रकारची एम-डिस्क घेताना ती लिहिणारे ब्लू-रे रायटरही दोन घ्यावेत, एक वापरायला आणि एक डब्यात ठेवायला. कॅसेट संगणकावर उतरवताना टाइम बेस करेक्टर हे चित्राच्या ओळी जागेवर आणणारं यंत्र लावावं, नाहीतर उभ्या रेषा लाटांसारख्या हलतात. मूळ प्रत डीइंटरलेस न करता (चित्राच्या आलटून-पालटून येणाऱ्या ओळी एकत्र न करता) एफएफव्ही१ या काहीही न गमावता साठवणाऱ्या प्रकारात ठेवली तर तासाला साधारण ३० जीबी होते. तीन तासांची कॅसेट १०० जीबीच्या एका डिस्कवर बसते. बघायला एमपी४ वेगळी करावी. डिस्क काठोकाठ भरू नये, कारण वाचनातल्या चुका बाहेरच्या कडेला जास्त येतात. लिहिताना वेग कमी ठेवावा, व्हेरिफाय (लिहिलेलं परत वाचून तपासणं) चालू ठेवावं आणि प्रत्येक फाइलची चेकसम, म्हणजे फाइल बदलली का ते ओळखायचा आकडा, डिस्कवरच टाकावी. एक डिस्क पुण्यात असेल तर दुसरी नागपूरच्या बहिणीकडे द्यावी, तिसरी प्रत हार्ड डिस्कवर. पेनड्राइव्हवर भरवसा नको. त्यातला विद्युतभार हळूहळू गळतो. डिस्कवर लिहायचं ते फक्त मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईने: लग्न कोणाचं, साल कोणतं आणि मांडवात डावीकडून कोण कोण उभे आहेत त्याची यादी कोणत्या फाइलमध्ये आहे.