पिल्लाचं पोट बिघडलं की आधी घड्याळ बघा

रात्री ९ वाजता पहिली उलटी झाली. ११ आठवड्यांचं कुत्र्याचं पिल्लू, वजन जेमतेम ३ किलो, दुपारी त्याने कचऱ्याच्या डब्यात तोंड घातलेलं मी स्वतः बघितलं होतं, त्यामुळे मला वाटलं काहीतरी शिळंपाकं खाल्लं असणार, ओकून टाकलं, आता मोकळं झालं. पोटाला जरा थंडावा मिळेल म्हणून वाटीभर दूध दिलं, तेही उलटून पडलं, मग जुलाब सुरू झाले, आणि मी म्हटलं सकाळी नेऊ डॉक्टरांकडे. पहाटे ४ ला उठून बघितलं तर ते मान टाकून पडलेलं, हिरड्या पांढऱ्याफटक, हाक मारली तरी शेपटी हलेना. वाचलं ते, पाच दिवस सलाईनवर राहून वाचलं. पण त्या ७ तासांचं मला अजून वाईट वाटतं, आणि हा सगळा लेख खरं तर त्या ७ तासांबद्दलच आहे.

मोठ्या कुत्र्याने एखाद-दुसरी उलटी केली तरी आपण दिवसभर वाट बघू शकतो, पिल्लाच्या बाबतीत का नाही, तर त्याच्याकडे साठा नसतो. आधी पाण्याचं बघू. अंगातलं पाणी वजनाच्या ५ टक्के कमी झालं की डॉक्टरांना हाताने तपासून ते कळायला लागतं, आणि १० ते १२ टक्के गेलं की जिवावर बेततं. आता ३ किलोच्या पिल्लाला हा हिशोब लावा: ५ टक्के म्हणजे फक्त १५० मिली आणि १० टक्के म्हणजे ३०० मिली. दोन-चार उलट्या आणि पाच-सहा पातळ जुलाब झाले की एवढं पाणी सहज जातं. तेच ३०० मिली ३० किलोच्या कुत्र्याचे गेले तर त्याचा फक्त १ टक्का झाला, त्याला फारसं काही वाटणार नाही. त्यातून लहान पिल्लाची किडनी अजून पुरती तयार झालेली नसते, पाणी कमी पडलं की लघवी घट्ट करून ते वाचवायचं काम तिला मोठ्या कुत्र्यासारखं जमत नाही.

दुसरा साठा साखरेचा. आपण जेवलो नाही तर लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडत राहतं, पण पिल्लाच्या लिव्हरमध्ये हा साठा अगदी थोडा असतो आणि त्याचा मेंदू मात्र सतत साखर मागत असतो, म्हणून काही तास पोटात काही गेलं नाही आणि वरून उलट्या चालू असल्या की रक्तातली साखर खाली येते आणि पिल्लू लटपटायला लागतं, थरथरतं, नजर लागत नाही, शेवटी झटके येतात. छोट्या जातीच्या पिल्लांना हे सगळ्यात लवकर होतं. पिल्लू शुद्धीत असेल, गिळू शकत असेल, तर साखरेचा घट्ट पाक बोटाने हिरड्यांवर चोळायचा आणि तसंच उचलून दवाखान्यात न्यायचं. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं.

मग बघायचं काय? लोक शी बघत बसतात, रंग कसा, किती पातळ. ते बघाच, पण त्याआधी पिल्लाकडे बघा. वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबायचं, ती पांढरी होते, बोट काढलं की २ सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला पाहिजे. हिरडी बोटाला ओली आणि निसरडी लागली तर बरं, चिकट किंवा कोरडी लागली तर पाणी कमी झालंय. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायची पद्धत बऱ्याच जणांना माहीत असते पण लहान पिल्लाच्या कातडीवर फार विसंबू नका, तिचा निकाल फसवा येतो, हिरडीचा जास्त भरवशाचा. ताप गुदद्वारातच मोजायचा, नॉर्मल साधारण ३८.३ ते ३९.२ डिग्री सेल्सिअस म्हणजे १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. आपल्यापेक्षा त्यांचं अंग गरमच असतं त्यामुळे नुसता हात लावून काही कळत नाही. ताप चढला की आपण घाबरतो, पण आजारी पिल्लाचं अंग गार पडणं हे त्याहून वाईट लक्षण आहे.

उलटी कशी झाली तेही लक्षात ठेवा. पोट आतबाहेर ओढून, जोर लावून आलं तर ती खरी उलटी. मान खाली घातली आणि न पचलेलं अन्न लांबट आकारात तसंच बाहेर घरंगळलं, जोर लावलाच नाही, तर ते पोटात पोचलंच नव्हतं, अन्ननलिकेतून परत आलं, आणि त्याची कारणं पूर्ण वेगळी असतात. डॉक्टरांना हा एक फरक नीट सांगितलात तर त्यांचं अर्धं काम होतं, शब्दात सांगता येत नसेल तर मोबाईलवर व्हिडिओ घ्या. शीचंही तसंच. दिवसातून दोन-चार वेळाच पण भरपूर आणि पाण्यासारखी होत असेल तर बिघाड बहुधा लहान आतड्यात. सारखं सारखं बसतंय, थोडंथोडं होतंय, शेंबडासारखी आव पडतेय, टोकाला लाल रक्ताचा थेंब दिसतोय तर मोठ्या आतड्यात. डांबरासारखी काळी शी म्हणजे वर कुठेतरी रक्त जाऊन ते पचून खाली आलंय, आणि उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं दिसलं तर तेही पचलेलं रक्तच.

आता दुधाबद्दल, कारण ती चूक मी केली आणि जवळजवळ प्रत्येकजण करतो. दुधातली साखर, लॅक्टोज, पचवायला लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं, पिल्लू आईचं दूध सोडतं तसं ते कमी कमी होत जातं, आणि गाईच्या दुधात कुत्रीच्या दुधापेक्षा लॅक्टोज जास्त असतं. न पचलेलं लॅक्टोज आतड्यात पाणी ओढून घेतं आणि तिथले जंतू ते आंबवतात, म्हणजे जुलाब आणि गॅस. आधीच पातळ होत असलेल्या पिल्लाला दूध देणं म्हणजे आगीत तेल.

विषबाधा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर सडकं अन्न येतं. ते असतंच, कच्च्या मांसातले साल्मोनेला किंवा कॅम्पायलोबॅक्टर पिल्लाला आजारी पाडू शकतात आणि त्याची शी साफ करणाऱ्या माणसालाही, म्हणून हात साबणाने धुवायचे. बुरशी आलेल्या अन्नाची भीती मला जास्त वाटते, काही बुरश्यांचं विष थेट नसांवर काम करतं, काही तासांत अंग थडथड उडायला लागतं. पण खरा धोका आपल्या चांगल्या ताज्या खाण्यातच लपलेला असतो. डार्क चॉकलेटच्या १ ग्रॅममध्ये साधारण ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त थिओब्रोमीन असतं, कुत्र्याच्या शरीरातून ते निम्मं व्हायलाच १७-१८ तास लागतात, आणि किलोमागे २० मिलिग्रॅमपासून त्रास सुरू होतो. म्हणजे ३ किलोच्या पिल्लाला १२ ग्रॅमसुद्धा पुरे, दोन-तीन चौकोनी तुकडे. शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल तर आणखी वाईट, माणसाला काही होत नाही पण कुत्र्याचं स्वादुपिंड त्याला साखर समजून भसाभस इन्सुलिन सोडतं आणि कधी १०-१५ मिनिटांत तर कधी तासाभरात रक्तातली साखर कोसळते, पुढे लिव्हर निकामी होऊ शकतं. किलोमागे ०.१ ग्रॅम पुरतं त्याला, एका च्युइंगममध्येच पिल्लापुरतं असू शकतं. द्राक्षं आणि मनुक्यांनी किडनी बंद पडते, का ते बरीच वर्षं कोडं होतं, २०२१ मध्ये त्यातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं गेलं, पण किती खाल्लं तर चालतं असा सुरक्षित आकडा कोणी देत नाही, त्यामुळे एकही नको. कांदा-लसणाने लाल रक्तपेशी फुटतात, शिजवला तरी तेच, आणि ते लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात. उंदराच्या औषधाचंही तसंच, रक्त न गोठू देणारं औषध असेल तर रक्तस्राव ३ ते ५ दिवसांनी सुरू होतो, तोवर पिल्लू अगदी मजेत खेळत असतं. म्हणून असलं काही खाल्लंय हे कळलं तर लक्षणांची वाट बघायचीच नाही.

आणि घरी उलटी करवायला जाऊ नका. मीठ-पाणी पाजणं हा सर्रास सांगितला जाणारा उपाय आहे आणि तो पिल्लाला मारू शकतो, रक्तातलं सोडियम चढून मेंदूवर परिणाम होतो. ॲसिड, फिनेल, रॉकेलसारखं काही पोटात गेलं असेल तर ते वर येताना घसा आणि फुफ्फुसं जाळतं. दवाखान्यात यासाठी इंजेक्शन असतं, खाल्ल्यापासून पहिल्या एक-दोन तासांतच त्याचा खरा उपयोग, परत तेच, घड्याळ.

माझ्या पिल्लाला मात्र कचऱ्याने काही केलं नव्हतं. त्याला पार्वो झाला होता. हा विषाणू कुत्र्यांमध्ये १९७८ मध्ये ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला, मांजरांमधल्या अशाच एका विषाणूचा तो जवळचा नातेवाईक. त्याला वाढायला सतत विभागणाऱ्या पेशी लागतात आणि अशा पेशी पिल्लाच्या शरीरात दोन ठिकाणी भरपूर असतात. एक, आतड्याच्या अस्तराच्या तळाशी, जिथून दर काही दिवसांनी अख्खं अस्तर नव्याने तयार होत असतं. विषाणू त्या मूळ पेशीच मारतो, वरचं अस्तर झिजत जातं पण मागून नवीन येत नाही, आतडं उघडं पडतं, म्हणून तो रक्ताचा घाणेरड्या वासाचा जुलाब. दुसरं ठिकाण हाडातला मगज, तिथे पांढऱ्या पेशी बनतात, त्या संपतात. म्हणजे भिंतही पडली आणि पहारेकरीही गेले, आतड्यातले जंतू सरळ रक्तात. उपचार न करता सोडलं तर दहातली नऊपर्यंत पिल्लं जाऊ शकतात, वेळेवर सलाईन आणि औषधं मिळाली तर बहुतेक वाचतात. शीची टेस्ट दवाखान्यातच होते, १०-१५ मिनिटांत निकाल.

'पण एक लस तर दिली होती,' मी तेव्हा हेच म्हटलं होतं. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला तयार अँटीबॉडी मिळतात, त्या विषाणूला अडवतात तशा लसीलाही अडवतात, आणि त्या कधी संपणार ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, त्यामुळे मध्ये असे काही दिवस येतात की अँटीबॉडी लस चालू देत नाहीत पण खऱ्या विषाणूला रोखायलाही पुरत नाहीत. म्हणून ६ ते ८ आठवड्यांना सुरू करून दर २ ते ४ आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत किंवा थोडं पुढेही, डोस द्यावे लागतात. मधला एक चुकवला की त्या दिवसांत विषाणूला दार उघडं. हा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो आणि हँड सॅनिटायझरला दाद देत नाही, ३० भाग पाण्यात १ भाग ब्लीच टाकून, आधी घाण पुसून, मग १० मिनिटं ओलं ठेवून तो मरतो.

जंतांचं थोडक्यात: गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात, दुधातूनही येतात, त्यामुळे 'घरातून बाहेरच गेलं नाही, जंत कुठून होणार' याला अर्थ नाही. २ आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध सुरू होतं. आणि पोट फुगलंय, ओकायला जोर लावतंय पण काही येत नाही, किंवा मोजा, दोरा, खेळण्याचा तुकडा गायब आहे, तर आतड्यात अडकलं असू शकतं. मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं कापलं जातं.

घरी कधी थांबायचं तर, पिल्लू १२ आठवड्यांच्या वर आहे, लसी झाल्यात, एखाद-दुसरी उलटी किंवा दोन-तीन पातळ शी झाल्यात, पण उड्या मारतंय, पाणी पोटात टिकतंय, रक्त नाही, विषारी काही खाल्ल्याचा संशय नाही. तेव्हाच. आधी डॉक्टर २४ तास उपाशी ठेवायला सांगायचे, पिल्लाला ते चालत नाही. ३-४ तास पोटाला आराम पुष्कळ झाला, अगदी छोट्या जातीच्या पिल्लाला तर तेवढाही डॉक्टरांना विचारूनच. २००३ मध्ये पार्वोच्या पिल्लांवर झालेल्या एका अभ्यासात तर ज्यांना लवकर नळीने अन्न दिलं ती उपाशी ठेवलेल्यांपेक्षा लवकर सुधारली, कारण आतड्याच्या पेशी आपलं बरंचसं पोषण समोरून जाणाऱ्या अन्नातूनच घेतात. पाणी भांडंभर ठेवायचं नाही, ते गटागट पितात आणि ओकतात, दर १५-२० मिनिटांनी एखादा चमचा. ते टिकलं की उकडलेलं बिनकातडीचं, बिनहाडाचं चिकन आणि मऊ भात, मीठ-तेल-कांदा काही नाही, दिवसातून पाच-सहा वेळा अगदी थोडं. हे दोन-तीन दिवसांपुरतंच, वाढत्या पिल्लाला यातून कॅल्शियम पुरत नाही, मग हळूहळू नेहमीचं खाणं मिसळत जायचं. माणसांच्या गोळ्या नाहीत, पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही त्यांना विष आहेत, आणि मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक पण नाही, साधे जुलाब त्याशिवायच बरे होतात आणि त्या औषधाने आतड्यातले चांगले जंतू मात्र कित्येक आठवडे बिघडून राहतात.

यातलं एक जरी बसत नसेल, तर रात्रीचे २ वाजले असले तरी फोन करा. जाताना शीचा नमुना छोट्या डबीत, उलटीचा फोटो, जे खाल्लं त्याचं पाकीट, लसीचं कार्ड, आणि कागदावर वेळा: पहिली उलटी कधी, शेवटची कधी, शेवटची लघवी कधी, पाणी किती टिकलं. आणि वजन. आता मी नवीन पिल्लू आलं की किचनच्या काट्यावर रोज सकाळी त्याचं वजन करतो आणि लिहून ठेवतो, कारण ३ किलोतले १५० ग्रॅम डोळ्याला दिसत नाहीत, काट्यावर दिसतात. त्या वहीच्या पहिल्या पानावर रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आहे, तो मी एकदा रात्री लावूनही बघितलाय, कोणी उचलतं की नाही ते.