अल्पमुदतीची नेटवर्क सुरक्षा चाचणी

संस्थेच्या संगणक-जाळ्याचा ठरावीक भाग निवडून, मालकाच्या लेखी परवानगीने, थोड्या दिवसांत हल्लेखोराच्या नजरेने केलेली तपासणी. भारतात या कामाला सर्रास ‘व्हीएपीटी’ (व्हल्नरेबिलिटी असेसमेंट अँड पेनिट्रेशन टेस्टिंग) म्हणतात. त्यातल्या ‘व्हीए’मध्ये कच्चे दुवे शोधून त्यांची यादी करतात, ‘पीटी’मध्ये त्यांतल्या एखाद्या दुव्यातून खरोखर आत शिरून दाखवतात. छोट्या कामाच्या कोटेशनमध्ये दोन्ही अक्षरजोड्या असतात, प्रत्यक्षात पुष्कळदा पहिलेच काम होते. स्कॅनरने, म्हणजे आपोआप तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने, ओकलेली जाडजूड पीडीएफ म्हणजे पेनिट्रेशन टेस्ट नव्हे.

आपल्याच यंत्रणेवर हल्ला करवून घेण्याची कल्पना अमेरिकी लष्करातली. जेम्स अँडरसन यांनी १९७२ मध्ये तिथल्या हवाई दलासाठी लिहिलेल्या अहवालात तिची पद्धतशीर मांडणी आढळते. ‘सेटन’ (१९९५), ‘एनमॅप’ (१९९७) आणि ‘नेसस’ (१९९८) ही जाळे तपासणारी साधने आली आणि तज्ज्ञांच्या तुकडीचे काम एका लॅपटॉपवर मावू लागले.

चाचणीचा पहिला टप्पा म्हणजे पोर्ट, अर्थात मशीनशी बाहेरून संपर्क साधायची क्रमांकित दारे, मोजणे. एका आयपी पत्त्यावर (जाळ्यावरच्या मशीनच्या क्रमांकावर) टीसीपी या संपर्क-पद्धतीचे ६५,५३५ पोर्ट वापरता येतात. स्कॅनर प्रत्येकावर ‘सिन’, म्हणजे संपर्काची विनंती करणारे, पॅकेट टाकतो. ‘सिन-अ‍ॅक’ परत आले तर दार उघडे, ‘रिसेट’ आले तर बंद, काहीच आले नाही तर बहुधा मध्ये नको ती ये-जा अडवणारा फायरवॉल आहे. उघड्या दाराआड कोणते सॉफ्टवेअर कोणत्या आवृत्तीचे बसले आहे हे त्याच्या उत्तराच्या धाटणीवरून ओळखतात, आणि मग त्या आवृत्तीतले ज्ञात दोष पडताळतात. इथे माणूस लागतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अनेक वितरणांत (डिस्ट्रिब्युशन) आवृत्तीचा आकडा न बदलता दुरुस्ती आत घातलेली असते. स्कॅनर आकडा पाहून ठणाणा करतो आणि दोष मात्र केव्हाच बुजलेला असतो.

वेळ वाचवायला काय गाळले, यावर अशा चाचणीची खरी किंमत ठरते. एनमॅप काही न सांगता चालवला तर तो नेहमीच्या १,००० पोर्टांपुरतेच पाहतो. यूडीपी या दुसऱ्या संपर्क-पद्धतीचे गणित आणखी अवघड आहे. बंद यूडीपी पोर्टाबद्दल ‘इथे कोणी नाही’ असे कळवण्यावर लिनक्स सेकंदाला साधारण एक निरोप अशी मर्यादा घालतो. म्हणजे एकाच मशीनचे सगळे यूडीपी पोर्ट पाहायला अठरा तासांहून जास्त लागतात. साहजिकच दोन दिवसांच्या कामात यूडीपीला कात्री लागते. स्विच आणि प्रिंटर ज्यावरून आपली माहिती देतात तो एसएनएमपीचा पोर्ट १६१ यूडीपीवरच असतो, आणि त्याचा पासवर्ड कित्येक ठिकाणी कारखान्यातून आला तसा, ‘पब्लिक’ हाच राहिलेला असतो. म्हणून जाणता तपासनीस निदान तेवढे मोजके यूडीपी पोर्ट पाहतोच, आणि बाकीचे पाहिले नाहीत असे अहवालात स्वच्छ लिहितो. अहवालात हा ‘काय तपासले नाही’चा परिच्छेद नसेल, तर तो मागून घ्यावा.

लहान उद्योगांत सापडणाऱ्या गोष्टी फार चमत्कारिक नसतात. भोसरी-चाकणच्या पट्ट्यातले एखादे वर्कशॉप घ्या. अकाउंटंटला घरून टॅली उघडता यावी म्हणून राउटरवर ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट फॉरवर्ड केलेला, म्हणजे बाहेरून थेट आतल्या मशीनकडे वळवलेला. सीसीटीव्ही लावणाऱ्याने मालकाच्या मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचा पोर्ट उघडला, पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’च ठेवला. २०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक सॉफ्टवेअरने असल्याच साठ-बासष्ट तयार पासवर्ड-जोड्या वापरून जगभरचे कॅमेरे आणि राउटर वेठीला धरले होते. ‘आमच्याकडे कोण बघणार’ हा मालकांचा ठरलेला प्रश्न. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये केलेला ‘झेडमॅप’ हा स्कॅनर एका संगणकावरून सगळ्या सार्वजनिक आयपीव्ही४ (जुन्या धाटणीच्या आयपी) पत्त्यांवर एक पोर्ट पाऊण तासाच्या आत तपासतो. कोणी मुद्दाम बघावेच लागत नाही.

झटपट चाचणी कुठे पुरते आणि कुठे नाही, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या घातक सॉफ्टवेअरने विंडोजच्या ज्या दोषाचा फायदा घेतला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. मधल्या दोन महिन्यांत केलेली, विंडोजच्या फाइल-शेअरिंगचा ४४५ पोर्ट आणि पॅच (दुरुस्त्या) एवढेच पाहणारी एका दिवसाची तपासणीही हे भोक दाखवू शकली असती. याउलट ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले, त्यात एटीएम व्यवहारांना परवानगी देणाऱ्या यंत्रणेलाच बगल देऊन परस्पर मंजुऱ्या दिल्या गेल्या. बाहेरून दारे मोजून असला डाव उमगत नाही. त्यासाठी पैशाचा आतला मार्ग समजून घेणारी दीर्घ चाचणी हवी.

परवानगीपत्र ही औपचारिकता नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना यंत्रणेत शिरणे नुकसानभरपाईला पात्र ठरते. तेच अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पत्रात आयपी पत्ते, तारखा, वेळ आणि रात्री-अपरात्री फोन उचलणाऱ्या माणसाचे नाव असावे लागते. सर्व्हर भाड्याच्या क्लाउडवर असेल, तर त्या कंपनीच्या अटीही आधी पाहाव्या लागतात.

कधी तपासणीत कच्च्या दुव्याऐवजी आधीच आत बसलेल्या घुसखोराच्या खुणा सापडतात : अनोळखी अ‍ॅडमिन खाते, रात्री तीनला चालणारे टास्क. तेव्हा चाचणी थांबते. मशीन जाळ्यापासून तोडतात, पण बंद करत नाहीत, कारण मेमरीतला पुरावा बंद करताच जातो. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि १८० दिवसांचे लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी, हाताशी असावे लागतात. छोट्या कार्यालयातला फायरवॉल पुष्कळदा जेमतेम काही दिवसांचेच लॉग ठेवतो, हे नेमके त्या वेळी कळते.