रोम नगरीची आभासी पुनर्रचना

प्राचीन रोम शहराचे भूरूप, रस्ते, तटबंदी व इमारती यांसह संगणकावर उभारलेले त्रिमितीय प्रारूप आणि हेडसेट लावून त्यात संचार करण्याची पद्धत. अशी प्रारूपे एकाहून अधिक आहेत. त्यांपैकी सर्वांत विस्तृत व अभ्यासकांत सर्वाधिक चर्चिले गेलेले प्रारूप म्हणजे अमेरिकन अभ्यासक बर्नार्ड फ्रिशर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले ‘रोम रीबॉर्न’ होय. प्रस्तुत नोंद मुख्यत्वे त्याविषयी आहे.

या प्रकल्पाचा आरंभ १९९६-९७ च्या सुमारास लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात झाला. फ्रिशर यांच्यासोबत वास्तुइतिहासकार डायन फावरो यांचाही त्यात मोठा वाटा होता. सुरुवातीला रोमन फोरम (शहराचा मुख्य सार्वजनिक चौक) व त्यालगतच्या वास्तू, विशेषतः सिनेटचे सभागृह, यांची स्वतंत्र प्रारूपे करण्यात आली. संपूर्ण शहराचा विचार नंतरचा आहे. २००४ मध्ये फ्रिशर व्हर्जिनिया विद्यापीठात गेले व प्रकल्पही तिकडे गेला. पहिली आवृत्ती ११ जून २००७ रोजी रोममध्ये, तत्कालीन महापौर वॉल्टर वेल्ट्रोनी यांच्या उपस्थितीत सादर झाली. २००८ मध्ये दुसरी आवृत्ती तयार झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगल अर्थवर सुमारे ६,७०० इमारतींचे प्राचीन रोम सर्वांस पाहण्यास खुले झाले. हेडसेटवर वापरता येणारे ‘रोमवरील उड्डाण’ २०१८ च्या अखेरीस बाजारात आले.

कालनिवड : प्रारूपात दाखविलेले शहर इ. स. ३२० च्या सुमाराचे आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या कारकिर्दीतील हा काळ निवडण्यामागे दोन कारणे दिसतात. राजधानी कॉन्स्टँटिनोपलला जाण्यापूर्वी (३३०) शहरातील सार्वजनिक बांधकाम बहुतांशी पूर्ण झाले होते. शिवाय लिखित व पुरातत्त्वीय पुरावाही या काळासाठी तुलनेने भरपूर आहे. या निवडीची किंमत मात्र मोजावी लागते. सीझर किंवा ऑगस्टस यांचे रोम पाहण्याच्या अपेक्षेने आलेल्याला येथे सम्राट मॅक्सेन्शियसची भव्य बॅसिलिका (सार्वजनिक सभागृह) आणि कॉन्स्टंटाइनची विजयकमान (३१५) दिसते. नीरोचा सुवर्णप्रासाद दिसत नाही, कारण त्याचा मोठा भाग तोवर ट्रेजनच्या स्नानगृहांखाली गाडला गेला होता. डोमिशियनच्या काळी बांधलेली मिऱ्यांची वखारही मॅक्सेन्शियसच्या बॅसिलिकेखाली गेली होती. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून रोमला जाणाऱ्या मालाविषयी कुतूहल असलेल्या वाचकाला तिचा शोध या प्रारूपात घेऊन उपयोग नाही.

वर्ष ठरले तरी सर्व प्रश्न सुटत नाहीत, याचे ठळक उदाहरण म्हणजे ऑरेलियनची तटबंदी. सुमारे १९ किमी. लांबीची ही भिंत २७१ ते २७५ या काळात बांधली गेली. पुढे तिची उंची जवळपास दुप्पट करण्यात आली, पण ते काम मॅक्सेन्शियसने (३०६–३१२) केले की सम्राट होनोरियसने (४०१–४०३), याविषयी दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष मानल्यास ३२० च्या प्रारूपात भिंत उंच हवी, दुसरा मानल्यास ठेंगणी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पहिल्या मताचा जोर होता. भिंतीच्या विटकामाचा नंतर झालेला अभ्यास पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

आधारसामग्री : पुनर्रचनेचा कणा म्हणजे इटालियन वास्तुविशारद इतालो जिस्मोंदी याने प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये केलेली रोमची प्रतिकृती. १९३७ मध्ये ऑगस्टसच्या जन्माच्या द्विसहस्राब्दीनिमित्त भरलेल्या प्रदर्शनासाठी ती सुरू झाली व पुढील काही दशके वाढत राहिली. तिचे प्रमाण १:२५० असून विस्तार साधारणपणे १६ × १७ मी. आहे. ती ज्या रोमन संस्कृती संग्रहालयात आहे ते २०१४ मध्ये नूतनीकरणासाठी बंद करण्यात आले. मिलान येथील तंत्रविद्यापीठाच्या चमूने गाब्रिएले ग्विदी यांच्या मार्गदर्शनाखाली या प्रतिकृतीचे लेसर-मापन केले. या प्रमाणात प्रतिकृतीवरील १ मिमी. म्हणजे प्रत्यक्षातील २५ सेंमी. होत असल्याने मापनातील बारीकशी चूकही संगणकावर भिंतीच्या जाडीएवढी दिसू शकते. इमारतींच्या मोजणीस वापरले जाणारे नेहमीचे यंत्र त्यामुळे अपुरे ठरले आणि मोठ्या यंत्रभागांच्या अचूक तपासणीसाठी उद्योगांत वापरला जाणारा लेसर-रडार आणावा लागला.

जिस्मोंदीने स्वतः मुख्यतः रोदोल्फो लांचानीच्या ४६ पत्रांच्या पुरातत्त्वीय नकाशाचा (१८९३–१९०१, प्रमाण १:१०००) आधार घेतला, आणि लांचानीपुढे सम्राट सेव्हेरसच्या काळातील संगमरवरी नकाशाचे तुकडे होते. हा नकाशा इ. स. २०३ ते २११ च्या दरम्यान शांतिमंदिराच्या आवारातील एका भिंतीवर सुमारे १:२४० प्रमाणात कोरलेला होता. त्याची भिंत साधारणपणे १८ × १३ मी. होती. १५६२ पासून त्याचे तुकडे मिळू लागले. आज एकूण नकाशाचा दहा ते पंधरा टक्के भाग उपलब्ध आहे. त्यावर जिन्यांच्या खुणा व दुकानांचे गाळे मोजता येण्याइतका बारकावा आढळतो, परंतु तो फक्त तळमजल्याचा आराखडा आहे. इमारतीची उंची, छपराचा उतार, खिडक्या यांविषयी तो काहीच सांगत नाही. ही पोकळी नाण्यांवरील व शिल्पपटांवरील चित्रणे आणि रोमचे बंदर असलेल्या ऑस्टिया येथील अवशेष यांच्या साहाय्याने भरली गेली. जिस्मोंदीने ऑस्टियाच्या उत्खननात दीर्घकाळ काम केले होते. त्यामुळे प्रारूपातील रोमची निवासी वस्ती पुष्कळदा दुसऱ्या शतकातील बंदराच्या गावासारखी दिसते, हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. खुद्द रोममध्ये कॅपिटोलिन टेकडीच्या पायथ्याशी बहुमजली निवासी इमारतीचा एक अवशेष उभा आहे, पण एका इमारतीवरून शहराचा अंदाज बांधणे कठीण.

घरांची संख्या : चौथ्या शतकातील विभागवार सूच्यांमध्ये रोमच्या चौदा विभागांतील वास्तूंची मोजदाद दिली आहे. तीत सुमारे १,८०० श्रीमंती वाडे आणि ४६,००० च्या आसपास ‘इन्सुला’ नोंदविल्या आहेत. इन्सुला म्हणजे भाड्याच्या खोल्यांची बहुमजली इमारत असा अर्थ घेतला, तर हा आकडा जमिनीत बसत नाही. तटबंदीच्या आतील क्षेत्र सुमारे १३.७ चौ. किमी. आहे, रस्ते, उद्याने, स्नानगृहे व मंदिरे यांना इंचभरही जागा न सोडता ते वाटून दिले तरी प्रत्येक इन्सुलेच्या वाट्याला जेमतेम ३०० चौ. मी. येतात. भिंतीबाहेरची वस्ती जमेस धरूनही हिशोब फारसा सुधारत नाही. यास्तव अनेक अभ्यासक हा आकडा इमारतींचा न मानता मालकीच्या किंवा करआकारणीच्या स्वतंत्र घटकांचा मानतात, आणि तेच अधिक ग्राह्य दिसते. प्रारूपात एकूण सुमारे सात हजार इमारती आहेत. हा आकडा सूच्यांतून आलेला नसून जिस्मोंदीच्या प्रतिकृतीतून आला आहे, ही गोष्ट लोकप्रिय लेखनात सहसा सांगितली जात नाही. उंचीसाठी मात्र कायद्यांचा आधार मिळतो : ऑगस्टसने खाजगी इमारतींना ७० रोमन फुटांची (सुमारे २०.७ मी.) मर्यादा घातली होती, ती ट्रेजनने ६० फुटांवर आणली.

प्रकल्पाने इमारतींचे दोन वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात पुरावा चांगला असलेल्या सुमारे तीस वास्तू येतात. कलोसियम, सिनेटचे सभागृह यांसारख्या या इमारती तज्ज्ञांच्या सल्ल्याने एकेक करून रचलेल्या आहेत. उरलेल्या सर्व दुसऱ्या वर्गात. पहिल्या आवृत्तीत त्या प्रतिकृतीच्या मापनावरून घेतल्या होत्या, तर दुसऱ्या आवृत्तीत झुरिक येथे विकसित झालेल्या सिटीइंजिन या प्रणालीने नियमांच्या आधारे त्यांचे दर्शनी भाग, मजले व छपरे आपोआप निर्माण केली. हेडसेटमधून पाहताना दोन्ही वर्गांचे ऊन, सावली आणि पोत सारखेच असतात, त्यामुळे कोणती भिंत उत्खननातून आली आणि कोणती सूत्रातून, हे डोळ्यांना कळत नाही. आराखड्यात अनिश्चित भाग तुटक रेषेने दाखविण्याची पुरातत्त्वज्ञांची जुनी रीत आहे. तिला आभासी वास्तवात सर्वमान्य पर्याय अजून रूढ झालेला नाही. पुनर्रचनेमागील निर्णयांची नोंद प्रारूपासोबत ठेवावी, असा आग्रह अशा पुनर्रचनांसाठी अभ्यासकांनी आखलेल्या लंडन सनदेने (२००६) व पुढे सेव्हिल तत्त्वांनी धरला.

ऑगस्टसचा शंकू : आभासी प्रारूपाचा संशोधनाचे साधन म्हणून झालेला सर्वांत गाजलेला उपयोग कँपस मार्शियस या मैदानातील ओबेलिस्कशी (उंच, निमुळत्या दगडी स्तंभाशी) संबंधित आहे. ऑगस्टसने इ. स. पू. १० मध्ये हेलिओपोलिसहून आणवलेला हा स्तंभ शंकूसारखा, म्हणजे सावलीवरून काळ मोजण्याच्या उभ्या दांड्यासारखा, वापरला जाई, असे रोमन लेखक थोरल्या प्लिनीने लिहिले आहे. जर्मन पुरातत्त्वज्ञ एडमुंड बुखनर यांनी १९७६ मध्ये असे प्रतिपादन केले, की तेथे एक प्रचंड छायायंत्र होते आणि ऑगस्टसच्या जन्मदिनी, २३ सप्टेंबरला, स्तंभाची सावली इ. स. पू. ९ मध्ये अर्पण केलेल्या शांतिवेदीकडे जात असे. १९७९-८० मध्ये त्यांनी केलेल्या उत्खननात एका घराच्या तळघराखाली ट्रॅव्हर्टाइन या चुनखडकाची फरसबंदी, तीत बसविलेली याम्योत्तर (उत्तर-दक्षिण) रेषा आणि ब्राँझची ग्रीक अक्षरे सापडली. राशींच्या नावांबरोबरच ‘एटेशियन वारे (उन्हाळ्यातील मोसमी वारे) थांबतात’ अशी नोंदही त्यांत आहे. या शोधाने बुखनर यांचे मत सिद्ध झाल्यासारखे वाटले व पाठ्यपुस्तकांत शिरले. तथापि १९९० मध्ये मिखाएल श्युत्स यांनी त्यांच्या गणितातील दोष दाखविले आणि २००७ मध्ये पीटर हेस्लिन यांनी मिळालेला पुरावा केवळ मध्यान्हीची सावली मोजणाऱ्या एका रेषेचा आहे, संपूर्ण छायायंत्राचा नाही, असे ठामपणे मांडले. आज हेच मत सामान्यतः स्वीकारले जाते.

फ्रिशर आणि बॉल स्टेट विद्यापीठातील जॉन फिलवॉक यांनी २०१३ च्या सुमारास या वादात नवा मुद्दा आणला. नासाच्या होरायझन्स प्रणालीतून त्या काळातील सूर्याची स्थाने घेऊन त्यांनी ती प्रारूपातील आकाशात बसवली आणि फ्लामिनिया मार्गावरून वेदीकडे पाहणाऱ्या माणसाला वर्षभर काय दिसेल ते तपासले. त्यांच्या मते महत्त्व सावलीला नसून खुद्द सूर्यबिंबाला आहे : पॅलेटाइन टेकडीवरील अपोलो या सूर्याशी निगडित देवाच्या उत्सवाच्या दिवशी, ९ ऑक्टोबरला, ते स्तंभाच्या टोकावर विसावलेले दिसे. अपोलो हा ऑगस्टसचा आराध्यदेव असल्याने ही कल्पना आकर्षक आहे. मात्र स्तंभ १७९२ पासून मोंतेचितोरियो चौकात असून मूळ जागा व चौथऱ्यासह मूळ उंची दोन्ही अनुमानाने ठरवावी लागतात, आणि त्यांत थोडा फरक केला तरी दिवस पुढे-मागे सरकतो. शिवाय या प्रयोगासाठी ३२० चे शहर निरुपयोगी होते. ऑगस्टसकालीन मैदानाचे निराळे प्रारूप तयार करावे लागले. बुखनर यांच्या मताचे खंडन या प्रयोगाने पक्के केले, पण स्वतःचा सिद्धांत तितक्याच बळाने प्रस्थापित केला असे म्हणवत नाही.

रंग व अंतर्भाग : प्रारंभीच्या आवृत्त्यांतील रोम बरेचसे पांढरे होते. प्राचीन शिल्पे व वास्तू रंगविलेल्या असत हे सर्वमान्य आहे, परंतु विशिष्ट पृष्ठभागाचा विशिष्ट रंग क्वचितच ठरवता येतो. २०१२ मध्ये टायटसच्या कमानीवरील सप्तशाखी दीपवृक्षाच्या शिल्पावर पिवळ्या गेरूचे कण आढळले व त्यावरून त्या पटाची रंगीत पुनर्रचना शक्य झाली. घरांचे अंतर्भाग, गर्दी, आवाज यांबाबत प्रारूपे बहुधा मौन पाळतात.

अन्य प्रारूपांपैकी फ्रान्समधील काँ विद्यापीठाचे प्रारूप उल्लेखनीय आहे. ते वास्तुविशारद पॉल बिगो याच्या १:४०० प्रमाणातील प्लास्टर प्रतिकृतीवरून प्रेरित असून १९९४ पासून फिलिप फ्लरी यांच्या मार्गदर्शनाखाली वाढत गेले. त्यात यंत्रे व जलव्यवस्था यांच्या कार्यपद्धतीवर भर आहे. प्रत्यक्ष स्थळी हेडसेट देण्याची प्रथाही रोममध्ये रुळली आहे : शांतिवेदीच्या संग्रहालयात २०१६ पासून, नीरोच्या सुवर्णप्रासादात व कॅराकॅलाच्या स्नानगृहांत २०१७ पासून. सुवर्णप्रासादातील दालन आज पूर्णपणे जमिनीखाली असल्याने त्याचा मूळ बागेकडे उघडणारा दर्शनी भाग प्रेक्षकाला केवळ हेडसेटमध्येच दिसतो.