नर कबुतरही पिल्लांना दूध पाजतो

सांगली-मिरजेत गच्चीवर नवी ढाबळ, म्हणजे कबुतरांचं खुराडं, घातलेल्या पोरांचा एक प्रश्न हमखास येतो: पिल्लू मलूल दिसतंय, गाईचं दूध पाजू का? अजिबात नको. दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही. हगवण लागते आणि पिल्लू हातचं जातं. कबुतराच्या पिल्लाचं दूध वेगळं असतं. ते आईबापांच्या गळ्यात तयार होतं, दोघांच्याही!

मादी दोन अंडी घालते. दुपारी नर, बाकी वेळ मादी, असं आळीपाळीने १७-१८ दिवस उबवणं चालतं. या काळात दोघांच्याही रक्तात प्रोलॅक्टिन वाढत जातं. हे तेच संप्रेरक, ज्याने बाळंतिणीला दूध येतं. कबुतरात ते गळ्यातल्या अन्नपिशवीवर काम करतं. पिशवीच्या अस्तरातल्या पेशी भराभर वाढतात, थरावर थर चढतो. वरचे थर रक्तवाहिन्यांपासून लांब जातात, त्यांच्यात चरबी साठते आणि शेवटी ते सुटून पिशवीत पडतात. पनीरच्या चुऱ्यासारखा हा ऐवज म्हणजेच कबुतराचं दूध. प्रथिनं आणि चरबी भरपूर, साखर जवळजवळ नाहीच. शिवाय आईबापांची प्रतिपिंडं. अमेरिकेत १९३३ साली ऑस्कर रिडल आणि सहकाऱ्यांनी प्रोलॅक्टिनला नाव दिलं, तेव्हा त्याची परीक्षा कबुतराच्या याच पिशवीवर झाली होती.

म्हणूनच वेळ जुळणं महत्त्वाचं. नुकतीच अंडी घातलेल्या जोडीखाली परकं पिल्लू सरकवलं, तर तिच्या गळ्यात दूधच नसतं. पहिले तीन-चार दिवस पिल्लू निव्वळ दुधावर असतं, मग त्यात दाणे मिसळू लागतात. तेव्हा जोडीसमोर शाळू, मका, मटकी आणि चुन्याची खडी कायम हवी.

याच दुधातून तोंडात पिवळट चिकटा धरणारा ट्रायकोमोनास परजीवीही उतरतो. म्हणून जोडी लावण्याआधी आईबापांना पशुवैद्यांकडून तपासून घ्या. पिल्लं आजारी पडल्यावर धावपळ करून उपयोग नाही. आणि कबुतराचं रक्त चोळून लकवा बरा होतो, असं सांगणाऱ्याला ढाबळीच्या आसपासही फिरकू देऊ नका. त्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही, जीव मात्र जातो.

पिल्लं चार आठवड्यांनी स्वतः दाणे टिपू लागली की वेगळी करा. सहा महिन्यांत ती जोडी धरायला बघतात, पण शरीर पुरतं भरलेलं नसतं. वर्षभर थांबा, आणि सख्ख्या भावंडांची जोडी लावू नका.