ड्रायरच्या नळीतला कापूस

टोरांटोतल्या अनेक काँडोंमध्ये (म्हणजे मालकीच्या फ्लॅटच्या इमारतींमध्ये) बाल्कनीत कपडे वाळत घालायला मनाई असते. मग टॉवेल, जीन्स, मुलांचे स्वेटर, सगळं ड्रायरमध्ये. पिळून निघालेल्या मोठ्या घाण्यात ३ लिटर पाणी सहज उरतं आणि त्याची वाफ करायलाच सुमारे २ युनिट वीज लागते. ही सगळी वाफ ४ इंची नळीतून बाहेर पडते आणि ड्रायरच्या जाळीतून निसटलेले कपड्यांचे बारीक तंतूही तिच्यासोबत जातात.

बंगल्यात ही नळी भिंतीतून लगेच बाहेर निघू शकते. काँडोत मात्र ती छतातून वळणं घेत जाते. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नमुना नियमांत तिची लांबी साधारण ३५ फुटांपर्यंत धरली आहे आणि प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातले ५ फूट वजा होतात. हिवाळ्यात बाहेरच्या भिंतीजवळ नळी गार पडते. तिथे वाफेचं पाणी होतं आणि तंतू कागदाच्या लगद्यासारखे चिकटतात.

सगळीकडून अर्धा इंच थर बसला, तर ४ इंचाची वाट ३ इंचांची होते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तेवढीच हवा ढकलायला सुमारे चौपट दाब हवा! पंख्याला तो झेपत नाही. हवा मंदावते, यंत्र तापतं, थर्मोस्टॅट हीटर पुन्हा पुन्हा बंद करतो आणि कपडे दमट राहतात. आपण काय करतो? पुन्हा बटण दाबतो. माझ्या मते खरा धोका इथेच आहे, कारण यंत्राने दिलेली सूचना आपण यंत्राचं म्हातारपण समजतो.

अमेरिकी अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१०च्या आकडेवारीनुसार, राहत्या इमारतींत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत होत्या. साफसफाई न करणं हे त्यांतलं सर्वांत मोठं कारण, आणि जानेवारीत प्रमाण सर्वाधिक. ड्रायर गॅसचा असेल तर तुंबलेल्या नळीमुळे कार्बन मोनॉक्साइड घरात येण्याचीही भीती असते.

जाळी दर घाण्यानंतर साफ करावीच. पण पुष्कळ काँडोंत छताजवळ किंवा भिंतीत तंतू अडवणारी आणखी एक पेटी असते आणि भाडेकरूंना तिचा पत्ताच नसतो. ती शोधा. पूर्ण नळी वर्षातून एकदा जाणकाराकडून साफ करून घ्या. प्लॅस्टिकची किंवा पातळ फॉइलची नळी असेल तर धातूची टणक नळी बसवून घ्या.

पंधराव्या मजल्यावरचं बाहेरचं तोंड खिडकीतून दिसत नाही. म्हणून सफाईनंतर टॉवेलचा एक घाणा किती मिनिटांत वाळतो ते कागदावर लिहून ड्रायरवर चिकटवा. तेवढेच टॉवेल वाळायला पुढे जास्त वेळ लागू लागला, की जानेवारीची वाट न पाहता व्यवस्थापनाला फोन करा.